कानसचा फुटका दात

‘सरळ बस, सरळ चाल, सरळसरळ हस!
सरळ रेषे, सरळ रेषे, तूच घरी बस!’

हा आवाज त्या लहान पोरीनं पहिल्यांदा ऐकला तो भिंतीपलीकडून. बाई गातेय की कुणावर डाफरतेय, तेच कळेना. मागे पत्रे बडवल्यासारखा दणका, आणि गिटार म्हणावं तर ती करवत. पण त्या सगळ्या गदारोळातून, प्रत्येक ‘स’ची शेपटी धरून, एक बारीक शिट्टी निघत होती. किटलीतलं पाणी उकळीला आलं की चोचीतून वाफ निसटते ना, तशी. ‘सरळ’ म्हटलं की शिट्टी, ‘बस’ म्हटलं की शिट्टी. दाराच्या फटीतून वारा यावा आणि आतले पडदे हलावेत, तसं त्या पोरीच्या आत काहीतरी हललं. गाणं संपलं तरी ती भिंतीला कान लावून उभीच.

शेजारची नर्सबाई कामावरून आली की टेप लावायची. पोर तिच्या दारात गेली आणि तोंडानं काही न बोलता टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवून उभी राहिली. तेव्हा ती फारसं बोलतच नसे. जन्मताच ओठ आणि टाळू दुभंगलेले. लहानपणी डॉक्टरांनी टाके घालून शिवले खरे, पण शब्द तोंडातून बाहेर पडायचे सोडून अर्धे नाकातून निसटायचे. नर्सबाईनं काही विचारलं नाही. कॅसेटचं खोकं तिच्या हातावर ठेवलं.

खोक्यावर एक तोंड होतं. फक्त तोंड. नाक नाही, डोळे नाहीत. कानापासून कानापर्यंत वासलेला जबडा, आत अंधार आणि अंधाराच्या उंबऱ्यावर दात. पुढच्या दोन दातांत फट. डाव्या दाताचा कोपरा उडालेला, कुणीतरी बिस्किटाचा चावा घ्यावा तसा. त्याच्या शेजारचा दात जरा तिरका, रांगेत उभ्या मुलानं मागे वळून बघावं तसा. वर वेड्यावाकड्या अक्षरांत नाव: कर्कश.

हे नाव बँडमधल्या चौघींनी स्वतः ठेवलं नव्हतं म्हणे. पहिल्याच कार्यक्रमानंतर कुणा शहाण्यानं पेपरात लिहिलं, ‘कर्कश, बेसूर आणि असभ्य.’ चौघींनी त्यातला पहिला शब्द उचलला आणि पाटीच लावली. उरलेले दोन पुढच्या दोन कॅसेटींसाठी राखून ठेवले होते, पण त्या काही आल्या नाहीत. एका लाँड्रीच्या तळघरात धुलाईयंत्रं बंद ठेवून एकच कॅसेट काढली, तीन वर्षं मिळेल त्या गोदामात आणि मिळेल त्या छताखाली वाजवलं, आणि चौघी चार दिशांना पांगल्या. गाणारीला बाकीच्या ‘कानस’ म्हणायच्या. लोखंड घासायची कानस. तिचा आवाज कानावर नुसता पडत नसे, कान तासून जात असे. ती पुढे कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे परदेशी गेली, कुणी म्हणे मेली, कुणी म्हणे शिक्षिका झाली. तिच्या चाहत्यांना यातली शेवटची अफवा सगळ्यात जास्त लागायची.

आणि ती मुकी पोर? ती मोठी झाली, कवळ्या बनवायला शिकली.

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिचं राज्य. एका बाजूला प्लास्टरची पिंपं, दुसऱ्या बाजूला स्पिरिटचा दिवा, मधे मेणाच्या गुलाबी पट्ट्या आणि ड्रॉवरभर दात. लहान, मोठे, पांढरे, पिवळसर, चौकोनी, निमुळते. पुढे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं घ्यायचे, मागे ही त्यांत प्लास्टर ओतायची, साचा काढायची, मेणात एकेक दात बसवायची. दवाखान्यात सगळे तिला मेणताई म्हणत. दात घासताना भुकटी उडते म्हणून तोंडावर मास्क लागतोच. पण काम नसतानाही मेणताईचा मास्क उतरत नसे. पुढे पेशंटसमोर ती जवळजवळ कधीच जायची नाही. तोंडं बनवणारी बाई स्वतःचं तोंड झाकून बसायची, आणि त्यात कुणाला नवल वाटेनासं झालं होतं.

घरी मात्र कर्कश. पोळ्या लाटताना कर्कश, कपडे वाळत घालताना कर्कश. तीच कॅसेट पुढे सीडीवर आली, मग फोनमध्ये आली. मेणताईनं तिन्ही जपल्या. नवरा कपाळाला हात लावायचा.

“तुझी ती किंचाळीबाई जरा बारीक कर गं. वरच्या मजल्यावरचे विचारतात, घरी काही भांडण आहे का?”

“सांग, आहे म्हणून.”

“पण खरं सांग, एवढं काय आहे त्यात?”

“चाल,” मेणताई म्हणायची.

“चाल? त्यात चाल आहे?”

तो हसायचा, तीही हसायची, आणि विषय तिथेच मिटायचा. चाल नव्हतीच. पण खरं कारण तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, नर्सबाईला सांगितलं नव्हतं, पोटच्या लेकीलाही सांगितलं नव्हतं. काही गोष्टी सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि तिच्या तोंडाला उघडायची सवय नव्हती.

त्या दिवशी डॉक्टरांनी एक माप आणून तिच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टर वयानं तिच्याहून लहान, बोलायला गोड, घाई मात्र कायमची.

“ताई, वरचे सगळे दात काढायचेत. हिरड्या गेल्यात. काढायच्या आधीचं माप आहे हे, नुसतं अंदाजासाठी. चिठ्ठीत लिहिलंय सगळं.”

चिठ्ठीत दोनच ओळी: ‘वरची पूर्ण कवळी. फट नको, दात सरळ हवेत, पेशंटची इच्छा.’

मेणताईनं प्लास्टर कालवलं, ओतलं, सुकू दिलं. मग साचा मापातून अलगद सोडवला, उताणा केला, ब्रशनं चुरा झटकला.

आणि तिचा हात तिथेच थबकला.

पुढच्या दोन दातांत फट. डाव्या दाताचा कोपरा उडालेला, बिस्किटाचा चावा घ्यावा तसा. शेजारचा दात तिरका.

लोक चेहरे ओळखतात. मेणताई ते तोंड ओळखत होती. आईच्या हातावरच्या रेषांपेक्षा जास्त वेळा तिनं ते दात पाहिले होते. तिनं उठून दार लोटलं, परत येऊन बसली, आणि साचा दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला. अजून ओलसर होता, आणि घट्ट होताना प्लास्टर तापतं तसा कोमट. जिवंत माणसाइतका कोमट.

तिनं साचा उलटा करून टाळू पाहिली. खोक्यावरच्या चित्रात टाळू दिसत नव्हती. तिथे अंधार होता. ती आज पहिल्यांदा त्या अंधारात शिरत होती. केवढी उंच टाळू! साध्या माणसाची टाळू म्हणजे बशी. ही घुमटासारखी वर वर गेलेली, कडेला लाटांसारख्या वळ्या. या घुमटाखाली तो आवाज जन्मला होता. इथून तो निघाला, या फटीपाशी आला, त्याचा पदर या फुटक्या कोपऱ्यात अडकला आणि टर्रकन फाटला, तीच शिट्टी. एवढ्याशा जागेतून! तिनं अंगठ्याचं नख फटीत घालून पाहिलं. पुरतं आतही जात नव्हतं. आणि याच एवढ्याशा फटीतून वारा सुटून तिच्या घरापर्यंत, भिंतीपलीकडे, तिच्या कानापर्यंत आला होता.

भुईमधला झरा बाई, दगडाच्या फटीतला. गावभर पाणी त्याचं, थेंब कुणी ना मोजला. असं काहीसं तिच्या मनात आपोआप जुळत गेलं. डोळे भरून आले आणि मास्क ओला झाला.

मग नजर चिठ्ठीवर गेली. फट नको. दात सरळ हवेत.

म्हणजे ती शिट्टी आता कायमची जाणार. आणि फट बुजवायला हात कुणाचा? हिचाच.

घरी लेक खोलीत गिटार घेऊन बसली होती. लेक कॉलेजात, तिच्याही चौघींचा बँड होता. पंक वाजवायच्या, आणि बेसूर वाजवल्याचा अभिमान बाळगायच्या. मेणताई दारात टेकून उभी राहिली.

“ते ‘सरळ’ म्हण की.”

“आता? आई, शेजारचे काका आजारी आहेत.”

“हळू म्हण. आणि शिट्टी काढू नकोस.”

“शिट्टीशिवाय?” लेकीनं गिटार मांडीवर आडवी ठेवली. “शिट्टीशिवाय काय राहिलं त्यात? आई, तुला माहितेय का, अख्खी दुनिया ती शिट्टी काढायला जीभ दुमडून दुमडून मेलीय. आमची ड्रमवाली दातात काडेपेटीची काडी धरते. त्या दुसऱ्या बँडमधली पोरगी आहे ना, तिनं म्हणे मुद्दाम दात तासून घेतला.”

“शहाणी आहे की वेडी?”

“पंक आहे.” लेक हसली. “तिचा तो दात कुणीतरी बाटली फेकून मारली तेव्हा फुटला ना? स्टेजवर. रक्त गळत होतं तरी गात राहिली.”

“हो. गोदामातल्या कार्यक्रमात,” मेणताई म्हणाली. हे तर तिला पाठ होतं. कुठलं गोदाम, कुठलं गाणं, नंतर कोण काय म्हणालं, सगळं. “आणि ती जर आता असेल कुठे, आणि तो दात पडला असेल, तर?”

“तर काय? कॅसेट आहे ना,” लेक म्हणाली. मग आईचा चेहरा बघून थांबली. “तू रडतेयस?”

“कांदा,” मेणताई म्हणाली. चाकू-विळी कुठे नव्हती, पण लेकीनं ते चालवून घेतलं.

दात काढून झाले, हिरड्या भरून आल्या. मेणात दात बसवायचा दिवस आला. मेणताईनं ड्रॉवरमधून चिठ्ठीप्रमाणे दात निवडले आणि मागून एकेक दाढ बसवत पुढे आली. इतक्या वर्षांत चिठ्ठीबाहेर तिनं एक कण हलवला नव्हता. पेशंटची इच्छा म्हणजे इच्छा. कुणाला घोड्यासारखे मोठे दात हवे असोत, कुणाला उंदरासारखे बारीक, तिनं कधी भुवई उचलली नव्हती.

पण पुढच्या दोन दातांपाशी हात आला आणि हाताला त्याची वाट माहीत होती. तापलेल्या सुरीनं मेण मऊ झालं, दोन दात जवळ आले, आणि कागदभर अंतर ठेवून थांबले. शेजारचा दात आपसूक तिरका झाला. थांब, थांब, असं ती स्वतःला म्हणत होती आणि दुसऱ्या हातानं घासायचं चाक सुरू करत होती. डाव्या दाताचा कोपरा चाकाला लावला. भुकटी उडाली. तिनं दात उजेडात धरून पाहिला.

हुबेहूब. चोर चोरी करून खजिन्याकडे बघत बसावा तशी ती बघत बसली. नुसती घालून बघायची ट्रायलच आहे, मेणच आहे, मन म्हणालं. नको म्हटलं तर बदलता येतं. पण तिच्या मनात काही बदलायचं नव्हतं. कानस आपला दागिना हरवून झोपली होती, आणि मेणताईनं तिच्या उशाशी तिचाच दागिना परत ठेवला होता, असं काहीतरी तिला वाटत होतं.

ट्रायलच्या दिवशी मधलं दार अर्धवट उघडं होतं. मेणताई फटीशी उभी. खुर्चीत एक म्हातारी बसली होती. बुटकी, रुंद खांद्यांची, पांढरे केस बोटभर कापलेले. बोटांच्या टोकांना काळं तेल मुरलेलं. डॉक्टरांनी मघाशी सांगितलं होतं, बाईंचं बाजाराच्या टोकाला किल्ल्या बनवायचं दुकान आहे. कानस! अर्ध्या शहराची कुलपं या बाईच्या किल्ल्यांनी उघडत होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी मेणातली कवळी तिच्या तोंडात बसवली. “आता साठच्या पुढे मोजा बरं. ‘स’ नीट उमटला की दात नीट बसले समजायचं.”

“एकसष्ट,” म्हातारी म्हणाली.

आणि शिट्टी वाजली.

मेणताईनं दाराची चौकट धरली. तीच! कॅसेट नाही, सीडी नाही, फोन नाही. या खोलीत, या हवेत, दहा पावलांवर. पायाखालची फरशी बोटभर वर उचलली गेल्यासारखी झाली.

“बासष्ट. त्रेसष्ट.” म्हातारीचा आवाज हळू झाला. चौसष्टला ती थांबली. जीभ आतून दातांवरून फिरताना गालावर दिसत होती.

“अरे, फट राहिलीय,” डॉक्टर ओशाळले. “माफ करा हं. चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं. लगेच बंद करून घेतो.”

“आरसा द्या.”

तिनं आरशात पाहिलं. बराच वेळ. मग आरसा मांडीवर पालथा ठेवला.

“कुणी बनवली ही?”

“आमच्या ताईंनी. त्यांचं काम एरवी एकदम चोख असतं. ताई! जरा येता का?”

मेणताई दारामागे सरकली. पण दारामागे उभी असलेली माणसं दिसतातच. ती पुढे आली. मास्क नाकावर ओढला.

“चुकून झालं,” ती पुटपुटली.

“चुकून?” म्हातारीनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. “हे बघ, चुकून फट राहते. चुकून दात तिरका बसतो. पण कोपरा चुकून तासला जात नाही. मी दिवसभर किल्ल्या तासते बाई, मला नको शिकवूस. चुकून तासलेलं आणि मनापासून तासलेलं मला लांबून कळतं.”

डॉक्टर एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहू लागले. “तुम्ही ओळखता का एकमेकींना?”

“ही ओळखते,” म्हातारी म्हणाली. “बोल. काय ओळखतेस?”

आणि मग मेणताईचं धरण फुटलं. लाँड्रीचं तळघर, बंद ठेवलेली धुलाईयंत्रं, दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं ज्यात मागे कुणीतरी खोकतं. गोदामातला कार्यक्रम, फेकलेली बाटली, रक्त. कर्कश हे नाव कसं पडलं, चौथी ढोलवाली आधी शिंपीण होती. नवे बँड, काडेपेटीच्या काड्या, मुद्दाम तासलेले दात. मास्कच्या आतून, अर्धं नाकातून, श्वास न घेता. डॉक्टरांनी तिला एका वर्षात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. खुर्ची ओढून ते खालीच बसले.

“बाटली नव्हती,” म्हातारी मधेच म्हणाली.

“काय?”

“बाटली कुणी फेकली नाही. वायर सोलत होते. दातानं. स्पीकरची. पक्कड सापडत नव्हती.” ती हसली, आणि हसतानाही शिट्टी आली. “दात गेला तो गेलाच, वर शॉक बसला तो वेगळा. ढोलवालीनं ती बाटलीची गोष्ट पसरवली. म्हणाली, पंकवाल्यांनी असं वायर सोलताना मरू नये, शोभत नाही.”

डॉक्टर खो खो हसले. मेणताईला हसू आलं नाही. तिच्या छातीत एवढी वर्षं जपलेली एक पणती विझली होती; पण गंमत अशी की उजेड कमी झाला नव्हता.

“बरं. हे सगळं मला माहीत आहे, मी तिथे होते,” म्हातारी म्हणाली. “आता सांग, मी सरळ दात मागितले होते. तू वाकडे का दिलेस?”

“कारण ती शिट्टी... ती जाईल मग. कायमची. तुमचा आवाजच तो.”

“ते गाणं काय म्हणतं गं?”

“सरळ बस, सरळ चाल...”

“ते शब्द झाले. म्हणतं काय?”

मेणताईनं मास्क आणखी वर ओढला.

“म्हणतं, कुणी सांगितलं म्हणून बसू नका. सगळे सांगत होते सरळ बस, आम्ही म्हटलं नाही बसत. आता तू मला सांगतेस, वाकडी बस. एवढ्या प्रेमानं सांगतेस, कोपरा तासून सांगतेस. पण सांगतेसच ना? मग तुझ्यात आणि त्यांच्यात फरक तो काय?”



म्हातारी जरा मवाळ झाली. “मला सफरचंद खायचंय बाई. अख्खं, न कापता. फोनवर ‘साडेसहाला या’ म्हटलं की गिऱ्हाईक ‘काय? काय?’ करतं, ते नकोय. सत्तरीला आले. त्या दाताची चाकरी मी पुष्कळ केली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सोडवणार कोण? तूच सोडव.”

मेणताईनं हात पुढे केला. म्हातारीनं कवळी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

मागच्या खोलीत जाऊन न बसता तिनं दिवा, सुरी आणि दातांचा ड्रॉवर तिथेच आणला. म्हातारीनं तशी मागणीच केली; दुसऱ्याचं तासकाम बघायला तिला आवडत होतं. सुरी तापली. मेण वितळलं, चकाकलं. मेणताईनं तासलेला दात उपटून बाजूला ठेवला, नवा अख्खा दात निवडला, बसवला. तिरका दात अंगठ्यानं रांगेत वळवला. मग शेवटी फट. सुरीच्या टोकानं दोन दात एकमेकांकडे सरकवताना तिला वाटलं, आपण एक दार लोटतोय, ज्यातून आयुष्यभर वारा आला. ज्या बाईचं ऐकून ती इतकी वर्षं जगली, तिचं आज पहिल्यांदा ती खरोखर ऐकत होती.

दात दातांना टेकले. दार मिटलं.

कवळी गार पाण्यात बुडवून तिनं म्हातारीच्या हाती दिली. म्हातारीनं ती स्वतःच बसवली, ओठ मिटले, उघडले.

“एकसष्ट,” ती म्हणाली. स्वच्छ. शिट्टी नाही. “बासष्ट. त्रेसष्ट.”

“उत्तम,” डॉक्टर म्हणाले.

“थांबा हो. चौसष्ट!” हे जरा मोठ्यानं. “पासष्ट!” आणखी मोठ्यानं. तिनं खुर्चीचे हात धरले, पाठ सोडवली, रुंद खांदे वर आले. “सहासष्ट! सदुसष्ट!” आणि मग तो घुमट उघडला. “अडुसष्ट!”

ट्रेमधली हत्यारं किणकिणली. बाहेर बसलेल्या पेशंटांची कुजबुज चटकन थांबली, एक लहान मूल रडायला लागलं आणि बाहेरून कुणीतरी विचारलं, “आत दात काढतायत का माणूस?”

शिट्टी नव्हती. आणि तरी तीच होती. तीच कानस, तोच लोखंडावरचा घास, तेच आरपार जाणं. म्हणजे आवाज फटीत नव्हताच कधी. फट नुसती आवाजाच्या वाटेत उभी होती आणि तो तिला चिरून जात होता. एवढी वर्षं ती खिडकीलाच वारा समजत होती. समुद्र पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसासारखी ती उभी राहिली. पुढे जावं की मागे सरावं, हेही न सुचून.

म्हातारी दमली होती. रुमालानं तोंड पुसत तिनं डॉक्टरांना म्हटलं, “बाहेरच्यांना सांगा, कुणी मेलं नाही.” डॉक्टर हसत बाहेर गेले.

दोघीच उरल्या.

“बस,” म्हातारी म्हणाली. मग स्वतःच हसली. “म्हणजे, वाटलं तर बस.”

मेणताई डॉक्टरांच्या स्टुलावर बसली.

“मघाशी तू मला माझंच चरित्र सांगितलंस. कोण खोकलं ते पण. मला एक कळलं नाही. गाणी काय, चिक्कार असतात. तुला त्या शिट्टीत काय सापडलं?”

“चाल...” मेणताईच्या तोंडून सवयीनं निघालं.

“चाल? खोटं बोलू नकोस गं. आमच्यात एकीलाही चाल येत नव्हती.”

म्हातारीनं घाई केली नाही. कुलपात किल्ली घालून आतले दात केव्हा जुळतात याची वाट बघायची तिला सवय होती.

मेणताईचे हात कानांमागे गेले. तिनं मास्क काढला, घडी करून मुठीत धरला. वरच्या ओठावरची ती जुनी शिवण उजेडात आली. म्हातारीनं नजर वळवली नाही आणि रोखलीही नाही. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी बघत राहिली.

“माझा ओठ फाटका होता,” मेणताई म्हणाली. “टाळूसुद्धा. मी बोलले की हवा गळायची, नाकातून. पोरं नक्कल करायची. मग मी बोलणंच सोडलं. शाळेत नवे मास्तर आले की प्रत्येकानं उभं राहून नाव सांगायचं असतं ना, तेव्हा माझं नाव शेजारची मुलगी सांगायची. मी नुसती उभी. तिसरीपासून.” तिनं श्वास घेतला. तो नाकातून वाजला, वाजू दिला. “मग भिंतीपलीकडून तुम्ही ऐकू आलात. मला वाटलं, हिचंही तोंड गळतंय. माझ्यासारखंच गळतंय. आणि ही लपवत नाहीये, ही तर ओरडतेय. हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. दुसऱ्या आठवड्यात गणिताच्या नव्या बाई आल्या. माझी पाळी आली, शेजारची उठायला लागली, मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. आणि माझं नाव मी सांगितलं. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, काय? परत सांग. मी परत सांगितलं. मोठ्यानं.”